अंडी उबवण्याचा इतिहास आणि आपली थर्माकोलची पेटी



कोंबडीपालनावरचे आपले भाग सुरू झाल्यापासून एक प्रश्न सारखा येतो आहे. घरच्या घरी, कमी पैशांत अंडी उबवायची पेटी कशी करायची? त्याचं उत्तर आज देणारच आहोत. पण पेटीला काय काय लागतं एवढंच सांगितलं, तर ती यादी होईल आणि यादी वहीत पडून राहील. एकेक वस्तू पेटीत का आली, तिच्यावाचून कोण कुठे अडलं होतं, हे कळलं की एखादी वस्तू मिळाली नाही तरी तिच्या जागी काय चालेल ते आपलं आपल्याला सुचतं. म्हणून आधी थोडा इतिहास ऐका.

त्याच्याही आधी कोंबडीचा हिशेब. आपली गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसते, हात नेला तर टोच मारते. तिच्याखाली अंडी ठेवली तर ती २१ दिवस बसते. पिल्लं निघाली की दीड-दोन महिने त्यांना घेऊन उकिरड्यावर फिरते. म्हणजे जवळजवळ तीन महिने तिच्याकडून एकही नवं अंडं मिळत नाही. तिच्या पंखाखाली मावणार दहा-बारा अंडी. त्यातून निघालेल्या पिल्लांवर घार टपलेली, मांजर टपलेलं, मुंगूस टपलेलं. दुधाचा पैसा डेअरीच्या खात्यात जातो, कापसाचा पैसा कारभाऱ्याच्या खिशात जातो. अंड्यांचा पैसा तेवढा आपल्या पदराच्या गाठीला असतो. तेव्हा कोंबडी तीन महिने बसली, की ती गाठही तीन महिने सैल राहते.

कोंबडीला मोकळं ठेवून तिची ऊब दुसरीकडून आणावी, ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, इजिप्तमध्ये अंडी जमिनीत, शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. तिथेच तो सिराक्यूज गावच्या एका दारुड्याची गोष्टही सांगतो. हा गडी चटईखाली मातीत अंडी ठेवायचा आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत पीत बसायचा म्हणे! घरच्यांना काय सबब सांगत असेल, ते अॅरिस्टॉटलने लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट रोमची. पहिल्या शतकातला लेखक प्लिनी ती सांगतो. लिव्हिया नावाची मोठ्या घरची बाई गरोदर होती. मुलगा होणार की मुलगी, याचा शकुन तिला पाहायचा होता. (तो नाद तिकडेही होता.) तिने कोंबडीचं एक अंडं छातीशी धरून उबवायला घेतलं. ते बाजूला ठेवायची वेळ आली की ऊब तुटू नये म्हणून ती ते दाईच्या कुशीत द्यायची. शेवटी नर पिल्लू निघालं आणि तिला मुलगाच झाला. तो पुढे टायबेरियस नावाचा रोमचा सम्राट झाला. आम्हाला या गोष्टीत सम्राटापेक्षा ती दाई महत्त्वाची वाटते. तीन आठवडे अंडं थंड पडू न देणं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. तिचं नाव प्लिनीने दिलेलं नाही. पण तो पुढे एक कामाची गोष्ट सांगतो. कदाचित यावरूनच लोकांना भुशात अंडी ठेवून मंद विस्तवाने उबवायची युक्ती सुचली असावी, आणि ती अंडी फिरवत राहायला एक माणूस लागतो. ऊब, भुसा आणि अंडी फिरवणारा हात, एवढ्या गोष्टी तेव्हाच जमल्या होत्या.

हे काम खरं पुढे नेलं ते इजिप्तच्या शेतकऱ्यांनी. नाईल नदीच्या मुखाजवळच्या गावांमध्ये अंडी उबवायच्या मोठ्या मोठ्या भट्ट्या होत्या. त्यांना अरबीत मामल म्हणतात, म्हणजे कारखाना. कच्च्या विटांची, मातीने लिंपलेली, जाड भिंतींची बसकी इमारत. मधून एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग. प्रत्येक खोली दुमजली. खालच्या मजल्यावर चटईवर किंवा पेंढ्यावर अंडी, वरच्या मजल्यावर कडेच्या पन्हळीत विस्तव. मधल्या जमिनीला भोक. त्यातून ऊब खाली उतरायची आणि माणूसही आत-बाहेर करायचा. जळण कसलं, तर शेणात भुसकट कालवून थापलेल्या गोवऱ्यांचं. लाकूड नाही. लाकडाचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, गोवरी धुमसत राहते. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

एकेका खोलीत हजारो अंडी असायची. भट्टीवाले तिथेच राहायचे, अंडी दिवसातून अनेकदा फिरवायचे, गरम जागेतली थंड जागेत आणि थंड जागेतली गरम जागेत हलवायचे. पहिले काही दिवस विस्तव ठेवायचे, मग तो बंद करायचे आणि काही अंडी वरच्या रिकाम्या मजल्यावर मांडायचे. विस्तव बंद करून कसं चालेल? अंड्यातला जीव वाढू लागला की तो स्वतःच उष्णता देतो, आणि ती जाड भिंतींच्या आत कोंडून राहते. आपल्या पेटीतही दुसऱ्या आठवड्यानंतर दिवा कमी वेळ पेटतो, त्याचं कारण हेच.

आता विचार करा, या माणसांकडे थर्मामीटर नव्हता. मग उष्णता बरोबर आहे हे कसं कळायचं? ते अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचे. पापणीची कातडी फार पातळ असते. तिला अंडं नुसतं उबदार लागलं तर ठीक, चटका वाटला तर जास्त. कोंबडीचं अंग सुमारे ४१ अंश सेल्सियस गरम असतं, पण तिच्याखालच्या अंड्याला ३७.५ ते ३८ अंश एवढीच ऊब पोचते. फॅरनहाइटच्या तापमापीवर ते साडेनव्व्याण्णव-शंभर होतं. म्हणजे माणसाच्या अंगात बारीक कणकण असावी तेवढं.

या भट्ट्यांची विद्या बापाकडून मुलाकडे जायची. बेरमे नावाच्या गावच्या लोकांची त्यात ख्याती होती आणि ते ती बाहेर फुटू देत नसत. गावोगावच्या बायाबापड्यांनी अंडी आणून द्यायची आणि पिल्लं घेऊन जायची, असा व्यवहार. वाटा किती? अठराव्या शतकातल्या वर्णनात तीन अंड्यांमागे दोन पिल्लं असा हिशेब आहे. १८३६ साली एडवर्ड लेन या इंग्रज लेखकाचं इजिप्तच्या लोकजीवनावरचं पुस्तक आलं. त्यात तो सांगतो की भट्टीवाले अंडी एकेक तपासून घेत आणि साधारण दोन अंड्यांमागे एक पिल्लू देत. हा वाट्याचा मुद्दा लक्षात ठेवा, आपण शेवटी त्यावर येऊ.

अठराव्या शतकातली वर्णनं फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाच्या हाती पडली आणि तो चकित झाला. इजिप्तने पिरॅमिडपेक्षा या भट्ट्यांचा जास्त अभिमान धरावा, असं त्याचं मत झालं. आमचंही तेच मत आहे. पिरॅमिडमध्ये मेलेल्या राजांची सोय होती. रेओम्यूरने फ्रान्समध्ये प्रयोग केले आणि १७४९ साली त्यावर मोठा ग्रंथ छापला. लाकडी पिंपं घोड्यांच्या ताज्या लिदीत पुरून त्यात अंडी ठेवली. पॅरिसच्या एका मठात जोगिणींची पाव भाजायची भट्टी होती, तिच्या वरच्या खोलीत अंडी ठेवून पाहिली. ती देखभाल एका जोगिणीनेच केली. म्हणजे पुन्हा एक बाई आणि पुन्हा नाव नाही.

रेओम्यूरने स्वतःचा थर्मामीटर बनवला होता. पण खेड्यातल्या माणसाला तो कुठून परवडणार? म्हणून त्याने एक युक्ती सांगितली. अक्रोडाएवढा लोण्याचा गोळा, त्याच्या निम्मी चरबी, दोन्ही वितळवून काचेच्या बाटलीत भरायचं आणि बाटली अंड्यांजवळ ठेवायची. मिश्रण घट्ट झालं तर ऊब कमी. पार पाण्यासारखं पातळ झालं तर ऊब जास्त. काकवीसारखं दाट वाहत असेल तर बरोबर. एवढा नावाजलेला विद्वान, पण गरिबाच्या घरात काय असतं याचा त्याने विचार केला, म्हणून तो आम्हाला आवडतो.

त्याला आणखी एक गोष्ट कळली. पिल्लं काढणं सोपं, वाढवणं अवघड. आईविना पिल्लं गारठून मरतात. मग त्याने एका उतरत्या पेटीला आतून कोकराचं लोकरीसकट कातडं लावलं. पिल्लांनी हवं तेव्हा त्या लोकरीखाली शिरायचं. तिला तो कृत्रिम आई म्हणायचा.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ऊब निर्माण करणं कुणालाही जमतं. ती २१ दिवस, रात्री-अपरात्री एकसारखी धरून कशी ठेवायची? इजिप्तमध्ये त्यासाठी माणसं भट्टीत राहत होती. माणसाशिवाय हे व्हावं म्हणून कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच डोकं चालवलं होतं. त्याने भट्टीत मद्यार्क आणि पारा भरलेली काचेची नळी ठेवली. उष्णता वाढली की मद्यार्क फुगायचा, पारा वर ढकलला जायचा, त्याने एक दांडी उचलली जायची आणि भट्टीची हवेची झडप मिटायची. हवा कमी, विस्तव मंद. गार झालं की झडप पुन्हा उघडायची. स्वतःचा विस्तव स्वतः सांभाळणारी चूल म्हणा ना! पुढे १८८१ साली इंग्लंडच्या चार्ल्स हिअर्सनने हेच काम एका चपट्या डबीवर आणलं. पितळेच्या पातळ पत्र्याची डबी, आत असा द्रव की जो अंड्याला हव्या त्या उष्णतेजवळ उकळतो. डबी फुगली की दिव्याच्या धुराड्यावरचं झाकण उचललं जातं आणि जादा उष्णता बाहेर निघून जाते. पुढे कित्येक वर्षं रॉकेलच्या दिव्यावर चालणाऱ्या यंत्रांत अशीच डबी असायची.

त्याच सुमारास, १८७९ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाइस आणि आयझॅक डायस यांनी आपलं उबवणी यंत्र बनवलं. त्यातला डायस दातांचा डॉक्टर होता. काही वर्षांतच ते गाव जगाची अंड्यांची टोपली म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तिथे पांढरी लेगहॉर्न कोंबडी पाळत. ही कोंबडी अंडी पुष्कळ देते आणि खुडूक जवळजवळ होत नाही. इथे एक गोष्ट घडली, ती आपल्याला जाऊन भिडते. उबवायला यंत्र आलं, तशी खुडूक होणारी कोंबडी नुकसानीची ठरली. जी बसत नाही तिचीच पैदास वाढवली गेली. पिढ्यानपिढ्या असं झालं आणि कोंबडीचं बसणंच सुटलं. इजिप्तच्या फायूमी कोंबड्याही तरुणपणी क्वचितच खुडूक होतात. तिथे तर कित्येक शतकं भट्ट्याच होत्या. आणि कोंबडीच बसत नाही म्हटल्यावर यंत्राशिवाय पर्याय उरत नाही. पिल्लं ज्याच्याकडे यंत्र, त्याच्याकडूनच घ्यायची.

आपल्याकडे पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज १९७१ मध्ये सुरू झाली आणि व्यापारी कोंबडीपालन वाढलं. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर इथे आहेत. गावात वाढवायला म्हणून गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती आल्या. त्या अंगाने भरतात, अंडीही गावरानपेक्षा जास्त देतात, पण खुडूक बसत नाहीत. बचत गटांतल्या अनेक जणींचा हाच अनुभव आहे. पहिली पिल्लं वाटपात मिळाली, त्यांच्या कोंबड्या झाल्या, त्यांनी अंडी दिली, आणि पुढे? पुन्हा पिल्लांसाठी दुसऱ्याच्या दारात. घरच्या पेटीची गरज इथे आहे. (या सुधारित जातींचं पुढच्या पिढीत तेवढं तेज राहत नाही, हेही सांगून ठेवतो. पेटीत गावरान अंडीच घालावीत, असं आमचं मत आहे.)

पेटीकडे वळण्याआधी बांगलादेशात डोकावू. तिथल्या खेड्यांत बायका भाताच्या तुसात अंडी उबवतात. बांबूच्या उभ्या टोपल्यांभोवती तूस ठासून भरायचं आणि गरम केलेली अंडी कापडात बांधून टोपलीत थरावर थर ठेवायची. जुन्या अंड्यांची ऊब नव्या अंड्यांना मिळते. वीज नसली तरी तूस ऊब सोडत नाही. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे तुसाला तोटा नाही. पेटीभोवती तुसाचं पोतं लावलं तरी फरक पडतो.

आता पेटी. डबा थर्माकोलचा, मासळीवाल्याकडे किंवा औषधाच्या दुकानात मिळतो. इजिप्तच्या जाड भिंतींचं काम तो करतो. आत दोन बल्ब, २५ किंवा ४० वॅटचे, जुन्या तारेचे. एलईडी चालत नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब दोन अशासाठी, की एक गेला तरी दुसरा धरून ठेवतो. बल्ब आणि तार थर्माकोलला टेकता कामा नये. ड्रेबेलच्या नळीचं काम करतो थर्मोस्टॅट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डब्ल्यू १२०९ म्हणून मागा, दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. त्याच अडॅप्टरवर कॉम्प्युटरमधला छोटा पंखा चालतो, म्हणजे ऊब सगळीकडे सारखी फिरते. घरातला डबा, जुना अडॅप्टर वापरला तर सगळं हजार रुपयांच्या आत बसतं. बल्बची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यायची. तिथे काटकसर नको.

अंडी तारेच्या जाळीवर, जाळीखाली पाण्याची पसरट वाटी. वाटी खोल असून उपयोग नाही, पाण्याचं तोंड मोठं हवं. हवेला चार-सहा भोकं. पंखा असेल तर ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी ३८.५ ते ३९. थर्मोस्टॅटचा आकडा खरा आहे का ते पाहायला लोणी-चरबी नको. कोमट पाण्यात त्याची सुई आणि घरातला ताप मोजायचा थर्मामीटर एकदम बुडवा आणि दोन्ही आकडे जुळवा. अंडी घालण्याआधी पेटी एक दिवस रिकामी चालवून बघा.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुतलेली नकोत. एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोल करा, म्हणजे फिरवलेलं कळतं. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा अशासाठी, की रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जाऊ नये. १८ व्या दिवसानंतर फिरवणं बंद, पाण्याची वाटी मोठी, आणि झाकण शक्यतो उघडायचं नाही. लाइट गेली तर घाबरू नका. कोंबडीही रोज पंधरा-वीस मिनिटं दाणा खायला उठते. पेटीवर गोधडी घाला. वेळ लांबली तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवा. थोडा वेळ थंड झालेलं अंडं सावरतं. जास्त तापलेलं सावरत नाही.

राहिला वाटा. गटाची एकच पेटी असेल तर अंडी पाच-सहा जणींची एकत्र येतात, आणि भांडण तिथेच होतं. ज्याची त्याची खूण अंड्यावर घाला. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर अंडी धरून पाहायची, तीही सगळ्यांसमोर. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. स्वच्छ दिसलं तर अंडं रिकामं. जुन्या बायका त्याला वांझ म्हणतात, आम्ही रिकामंच म्हणतो. रिकामं अंडं मालकिणीचं, त्याचा दोष पेटीवर नाही. सातव्या दिवसानंतर जे मेलं, ते गटाचं नुकसान. आम्ही लेनच्या काळातला अर्ध्याचा वाटा धरला नाही, तीनास दोनही नाही. निघालेल्या पाच पिल्लांमागे एक पिल्लू गटाला, त्यातून विजेचं बिल आणि बल्ब. रात्री उठून अंडी फिरवणारीला काय द्यायचं, यावर आमच्या बैठकीत अजून एकमत झालेलं नाही. तुमच्या गटात काय ठरलं, ते पत्राने किंवा फोनवरून जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.